निळ्या मुठीची काठी

कंपनीच्या कागदावर त्याचा हुद्दा 'पिछाडी मार्गदर्शक' असा होता. आम्ही त्याला शेपूटराव म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि तो ओ द्यायचा. सोळा वर्षं हा माणूस डोंगरात सगळ्यांच्या मागून चालला, आणि त्यातली बारा वर्षं मी त्याच डोंगरात सगळ्यांसाठी सूप आणि भात शिजवला. मी आचारी. माझी ओळख इतकीच पुरे. पुढे माझ्याबद्दल जे काही येईल ते फारसं चांगलं नाही.

नऊ दिवसांची सहल असते आमची. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'उंच हिमशिखरांमध्ये स्वतःला भेटा.' पाहुणे येतात, कोरे करकरीत बूट घालून. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड, चौथ्या दिवशी डोकेदुखी. स्वतःला भेटायच्या आधी ते मला भेटतात आणि विचारतात, सुपात मीठ कमी का पडलं. अहो, उंचीवर जिभेची चवच जाते, मिठाला कशाला बोल लावता? पण हे बोलायचं नाही. हसायचं आणि मिठाची बरणी पुढे करायची.

रांगेच्या पुढे एक वाटाड्या, मधे पाहुणे आणि सगळ्यात मागे शेपूटराव. त्याच्या काठीला लाल फडकं बांधलेलं असायचं. आमचा एकच नियम होता, लाल फडक्याच्या मागे कोणी राहायचं नाही. एखाद्याला आडोशाला जायचं असेल तर त्याने आपली सॅक वाटेच्या मधोमध ठेवायची. शेपूटराव त्या सॅकपाशी थांबणार. पाच मिनिटं लागोत नाहीतर पाऊण तास, सॅकचा मालक आल्याशिवाय तो जागचा हलत नसे. पहिल्याच संध्याकाळी तो पाहुण्यांना हे समजावून सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, "वाट चुकलात, दम लागला, काहीही झालं, तरी आहात तिथेच बसा. मी येतोच मागून. मी आलो नाही असं कधी झालेलं नाही."

दुपारी कॅम्पवर काठी यायची, माझ्या तंबूच्या दाराशी रोवली जायची, आणि मी पळीने ताट बडवायचो. ताट वाजलं म्हणजे सगळे आले. मग पुढचा वाटाड्या रजिस्टरमध्ये 'सर्व सुखरूप' असं लिहून सही करायचा, वायरलेसवर खाली ऑफिसला कळवायचा, आणि मी सूप वाढायला घ्यायचो. संध्याकाळी डोकी मोजायची पद्धतच नव्हती. एका नव्या वाटाड्याने एकदा मोजायला सुरुवात केली, तेव्हा मीच त्याची टर उडवली होती. म्हटलं, "कशाला बोटं मोडतोस? शेपूट आलं म्हणजे अख्खं जनावर आलं." सगळे पोट धरून हसले. पुढे कित्येक वर्षं तो विनोद मी प्रत्येक तुकडीला ऐकवला.

शेपूटरावाला पाहुणे फार ओळखायचे नाहीत. ग्रुप फोटोत तो नसायचा, कारण सगळे खिंडीत पोचून, फोटो काढून, गारठून खाली निघालेले असायचे तेव्हा हा कोणाच्या तरी दोन सॅक खांद्यावर घेऊन वर येत असायचा. पण तो पाहुण्यांना ओळखायचा. कोणाचा खोकला कोरडा, कोण रडवेलं झालंय पण सांगत नाही, कोणाची काठी कुठली. मला म्हणायचा, "पुढच्याला माणसांचे चेहरे दिसतात रे. मला पाठी दिसतात. पाठ खोटं बोलत नाही." असलं काही बोलला की मी त्याला कांदे सोलायला बसवायचो.

घरीही तसाच. त्याच्या घरी दोन खोल्या, वर पत्रा, आणि दारातच शिलाईचं मशीन. वहिनी शिवणकाम करायच्या. एकदा जेवायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर गाऱ्हाणं मांडलं, "भावोजी, ह्यांना सांगा जरा. घरातसुद्धा सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय पानावर बसत नाहीत, आणि मग भाजी उरली नाही म्हणून तोंड वाकडं करतात." तो गालातल्या गालात हसत पातेलं पुसून खात होता.

मग त्याचा गुडघा गेला. एकाएकी नाही, तीन-चार हंगाम कुरकुरत होता. मागच्या माणसाला दुसऱ्याचं ओझं उचलावं लागतं, आणि उतारावर ते सगळं गुडघ्यावर येतं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, ओझं बंद करा नाहीतर डोंगर बंद करा. आता मागच्याचं ओझं बंद कसं होणार? राहिला एकच मार्ग, पुढचा वाटाड्या होणं. पुढच्याला स्वतःच्या सॅकपलीकडे काही उचलावं लागत नाही. शेपूटराव मालकाकडे गेला. सोळा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागायला गेला. मालक म्हणाले, "बघू. येत्या तुकडीला पुढे चाल. नीट पार पडली तर कायमचं."

त्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा लहान पोरासारखा खूश होता. म्हणाला, "आचारी, सोळा वर्षं मी दुसऱ्यांनी तुडवलेल्या बर्फात पाय ठेवतोय. एकदा कोरं बर्फ बघायचंय. आणि खरं सांगू? हे नाही जमलं तर मला दुसरं काही येत नाही."

त्याच्या जागी मागे कोण? मालकांचा भाचा. कसलासा कोर्स करून आलेला, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट ऑफिसात लटकवलेलं, वय वर्षं तीस. आम्ही त्याला भाचेबुवा म्हणायचो, अर्थात पाठीमागे. शेपूटरावाने आपल्या काठीचं लाल फडकं सोडून त्याच्या हातात दिलं, आणि दोन तास त्याला सगळं समजावलं. भाचेबुवांनी मान डोलावली आणि फडकं खिशात घातलं. त्याच्या महागड्या काठीला चिंधी बांधायची म्हणजे शोभा गेली ना.

तुकडीत चौदा पाहुणे होते. त्यातल्या एक निवृत्त शाळामास्तरीण, साठी उलटलेल्या, हळू पण न थांबता चालणाऱ्या. एकट्याच आल्या होत्या, तंबूही एकटीचा. त्यांच्या काठीच्या मुठीला निळ्या लोकरीचं विणलेलं टोपडं होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, काठीला थंडी वाजते का?" त्या म्हणाल्या, "काठीला नाही, पण काठी धरणाऱ्याला वाजते. तुम्हालाही विणून देऊ का पळीला?" म्हणजे ती काठी कोणाची हे मला ठाऊक नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

सहाव्या दिवशी खिंड. सकाळी निघताना भाचेबुवांनी मास्तरीणबाईंची सॅक काढून घेतली आणि माझ्या खेचरावर लादली. म्हणे, बाईंचा वेग वाढेल. मी काही बोललो नाही. माझं काम स्वयंपाकाचं. आम्ही खेचरं घेऊन खालच्या वाटेने पुढे गेलो, पलीकडच्या कॅम्पवर तंबू लावले, आणि बाईंची सॅक त्यांच्या तंबूच्या दारात नेऊन ठेवली.

शेपूटराव पहिल्या तिघांना घेऊन एकच्या सुमारास आला. चेहरा नुसता फुललेला. "बघितलं," एवढंच म्हणाला. मी समजलो. चहा दिला, तर दोन घोट घेतले आणि उठला. धुकं उतरत होतं. म्हणाला, "जरा वर बघून येतो." मी म्हटलं, "आता तू पुढचा आहेस, बस की गप." पण सोळा वर्षांची खोड ती. गेला.

वर त्याला भाचेबुवा भेटले, एका दमलेल्या जोडप्याबरोबर. शेपूटरावाने विचारलं, "मागे कोण?" भाचेबुवा म्हणाले, "कोणी नाही. मीच शेवटचा." आता मागच्या माणसाने असं म्हटल्यावर त्याच्यावर शंका घ्यायची नसते. सोळा वर्षं शेपूटरावाच्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती, मग त्याने तरी का घ्यावी? भाचेबुवा थंडीने कुडकुडत पुढे सटकले. शेपूटरावाने जोडप्याच्या दोन्ही सॅक खांद्यावर घेतल्या आणि त्यांच्या मागून, लंगडत, खाली आला.

भाचेबुवा माझ्या तंबूत शिरले आणि आपल्या सॅकमध्ये मूठ आत करून खोचलेली एक काठी त्यांनी उपसली. निळ्या मुठीची. म्हणाले, "कोणीतरी वाटेत विसरलंय. मधोमध रोवलेली होती." मी ती घेतली. मनात म्हटलं, बाई विसरल्या वाटतं, येतील न्यायला. वाऱ्याने माझ्या तंबूचं दार फडफडत होतं. ती काठी मी दाराला टेकू म्हणून लावली.

तेवढ्यात धुक्यातून जोडपं आलं, आणि त्यांच्यामागून खांद्यावर दोन सॅक घेतलेला शेपूटराव. बारा वर्षं प्रत्येक तुकडीत हेच बघत आलो होतो. तो आला म्हणजे सगळे आले. माझा हात आपोआप पळीकडे गेला आणि मी ताट बडवलं. ताट वाजलं म्हणून शेपूटरावाने रजिस्टरमध्ये सही केली. तो आला म्हणून मी ताट वाजवलं, आणि मी ताट वाजवलं म्हणून त्याने सही केली. असे आम्ही दोन शहाणे.

सूप वाढलं. चौदा वाडगे मांडले होते, तेरा उचलले गेले. एक उरला. मी बाईंच्या तंबूकडे नजर टाकली. दार बंद, बाहेर सॅक. वाटलं, डोकं दुखत असेल, पडल्या असतील. मग तो वाडगा मीच प्यायलो. हे चार वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती चूक होती असं कोणी म्हणेल. चूक ताट वाजवणं ही होती. वाडगा उरलेला बघून उठून दहा पावलं न जाणं हा आळस होता, आणि आळसाला मी दुसरं नाव देणार नाही.

पावणेसहाला शेपूटराव बोटाला लावायचा चिमटा घेऊन सगळ्यांचा ऑक्सिजन तपासत फिरत होता. बाईंचा तंबू उघडला तर आत स्लीपिंग बॅगची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. तो माझ्याकडे धावत आला. "मास्तरीणबाई कुठेत?" मी तोंड उघडेपर्यंत त्याची नजर दाराच्या टेकूवर गेली. त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सांगू शकत नाही. त्याने काठी उपटली, दार माझ्या अंगावर पडलं, आणि तो टॉर्च घेऊन त्या गुडघ्याने चढाला लागला.

बाई तिथेच होत्या. आडोशाला जाताना सॅक नव्हती म्हणून त्यांनी काठी रोवली होती. परत येऊन बघतात तर काठी नाही. पण पहिल्या दिवशी शेपूटरावाने सवयीने सांगितलं होतं ना, आहात तिथेच बसा, मी येतोच मागून. मास्तरीण त्या, नियम पाळायची सवय. साडेतीन तास एका दगडाला पाठ लावून बसल्या. शेपूटराव दिसल्यावर म्हणाल्या, "मला खात्री होती." त्याने त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. बाई वाचल्या. दोन्ही पायांची मिळून सात बोटं कापावी लागली. शेपूटरावाचा गुडघा त्यानंतर पूर्ण वाकलाच नाही.

चौकशी झाली. खालच्या गावातलं ऑफिस, लांबट टेबल, पंखा चालत नव्हता. त्या सकाळी मालकांनी मला बाजूला घेतलं होतं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "तू स्वयंपाकात असतोस. वाटेवरचं तुला काय ठाऊक? पुढच्या हंगामाला भांडी नवीन घेऊ." मी पन्नाशी ओलांडलेली, धाकटीचं शिक्षण चालू. मी मान डोलावली.

चौकशीच्या साहेबांनी आधी मालकांना विचारलं, मग भाचेबुवांना. भाचेबुवा म्हणाले, धुकं होतं, काही दिसलं नाही. काठीचं नाव नाही, सॅकचं नाव नाही. मग माझी पाळी आली. "ताट का वाजवलंत?" मी म्हटलं, "हा आला, म्हणून वाजवलं. रोजचीच पद्धत." साहेब म्हणाले, "वेगळं काही दिसलं होतं?" शेपूटराव समोर बसला होता, पाय लांब करून. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "नाही, साहेब."

शेवटी त्याला विचारलं, "रजिस्टरवर सही तुमची. तुम्हाला काही सांगायचंय?" तो अजून माझ्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "नाही. सही माझीच आहे." झालं, सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. कामावरून काढलं आणि परवानाही रद्द झाला.

त्याच्या जागी कोण पुढे चालू लागलं ते सांगायला नकोच. मास्तरीणबाईंनी कंपनीला पत्र लिहिलं, की तुमच्या वाटाड्याने जिवावर उदार होऊन मला वाचवलं. मालकांनी ते पत्र नव्या जाहिरातीत छापलं, आणि शेजारी फोटो टाकला भाचेबुवांचा. मी ते पान माझ्या नव्या पातेल्यांवर झाकायला वापरलं. माझा निषेध म्हणजे इतपतच.

चार हंगाम मी तसाच शिजवत राहिलो. शेपूटरावाकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. तोंड कुठलं घेऊन जाणार? मग गेल्या महिन्यात मालकांनी मलाही नारळ दिला. आता तयार जेवणाची पाकिटं नेतात वर. गरम पाणी ओतलं की झालं. मी घरी दोन आठवडे भिंतीकडे बघत बसलो, आणि तिसऱ्या आठवड्यात बस पकडून त्याच्याकडे गेलो.

घर तेच, वर पत्रा तोच. शिलाईच्या मशीनवर आता तो बसला होता, ताठ पाय बाजूला काढून, एकाच पायाने पायडल मारत शाळेच्या गणवेशाला बाह्या जोडत होता. वहिनींनी पाणी आणलं, पण भावोजी म्हणाल्या नाहीत. पेला ठेवला आणि आत गेल्या.

मी सगळं सांगून टाकलं. सॅक, काठी, वाडगा, मालकांचं बोलणं. न थांबता सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढे बोलणं जमलं नसतं. तो बाही जोडत होता. शेवटचा टाका घालून त्याने दोरा दाताने तोडला.

"वाडगा तेवढा नवीन," तो म्हणाला. "बाकीचं मला तेव्हाच कळलं होतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीस? तुझी पाळी माझ्यानंतर होती. मला तिथल्या तिथे खोटं पाडता आलं असतं तुला."

"मी मागचा माणूस ना." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू बोलशील असं वाटलं. तुला वेळ लागत असेल, असं वाटलं. मग म्हटलं, आज नाही तर उद्या साहेबांकडे जाशील. नाहीतर निदान इथे येशील. रोज संध्याकाळी बस यायच्या वेळेला मी दारात येऊन बसायचो, विचार हिला. मी तुझ्यावर रागावलोय, आचारी, अजूनही आहे. पण तू येणार याची मला खात्री होती." मग त्याने पहिल्यांदा मान वर केली. "नोकरी आहे ना अजून?"

"नाही," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात गेली."

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे म्हणून आलास."

त्याने दुसरी बाही उचलली, शिवण जुळवली आणि म्हणाला, "मास्तरीणबाई साडेतीन तास बसल्या होत्या. मी चार वर्षं बसलो."

परतीच्या बसची वेळ झाली तसा मी उठलो. नको नको म्हणत असताना तो काठी घेऊन माझ्यासोबत निघाला. ताठ पायाने, माझ्या मागून. त्याला बरोबर घ्यावं म्हणून मी दोनदा पावलं मंद केली. दोन्ही वेळा तोही मंद झाला. स्टॉप येईपर्यंत मला मागे वळून बघता आलं नाही.